संत्रागोळीचा सूर्य

आमच्या चित्रकलेच्या बाई मासे विकत घ्यायच्या ते बघण्यासाठी. सकाळी शाळेआधी त्या जेटीवर जायच्या, पाटीतला एखादा बांगडा निवडायच्या, पैसे द्यायच्या आणि तिथेच एका उलट्या खोक्यावर बसून तो उन्हात इकडून तिकडे फिरवत राहायच्या. पंधरा-वीस मिनिटांनी उठून तो त्याच मासेवालीच्या पाटीत परत ठेवायच्या. "बघून झाला. घ्या," म्हणायच्या. पहिल्या पहिल्यांदा बायकांना वाटलं, ही मासा शिळा म्हणून परत करते. एकदोघींनी त्यांना चांगलंच फैलावर घेतलं. मग सवय झाली. जेटीवर त्यांचं नाव ‘बघणारी बाय’ असं पडलं, आणि कुणी कुणी तर त्यांच्यासाठी चांगला चकचकीत बांगडा बाजूला काढून ठेवू लागलं.

त्या देशावरच्या, मिरजेच्या बाजूच्या. समुद्र त्यांनी तिसाव्या वर्षी पाहिला, म्हणजे आमच्या शाळेत नोकरीला लागायला रत्नागिरीत उतरल्या त्या दिवशी. ट्रंक एस.टी. स्टँडवर एका पानवाल्याकडे ठेवून आधी मांडवीच्या किनाऱ्यावर गेल्या आणि शाळेत हजर झाल्या दुसऱ्या दिवशी. हेडसरांनी उशिराचं कारण विचारलं तर म्हणाल्या, "समुद्र लागला की वाटेत." हे आम्हाला शाळेच्या शिपायाने सांगितलं. तो त्यांची नक्कल फार छान करायचा.

पुढचं सगळं लिहिण्याआधी एक गोष्ट सांगून टाकतो, कारण ती मागे ठेवली तर हे नुसतं कौतुक होईल. बाईंची नोकरी माझ्यामुळे गेली. मी तेव्हा सातवीत होतो. लहान होतो असं म्हणून सुटता येतं, पण मी काय बोलत होतो ते मला बोलताना पक्कं ठाऊक होतं.

त्यांच्याकडे लोणच्याची एक मोठी चिनी मातीची बरणी होती. वर्षाच्या पहिल्या तासाला त्या ती घेऊन बाकांमधून फिरायच्या आणि प्रत्येकाचं खोडरबर त्यात टाकून घ्यायच्या. ज्याच्याकडे रबर नसे तो चपलेचा तुकडा टाकायचा, कारण आमच्यातले निम्मे जण त्यानेच खोडत. एप्रिलमध्ये बरणी पुन्हा फिरायची आणि ज्याचं त्याला परत मिळायचं. वर्षभर चित्रात रबर नाही. रेघ चुकली की आम्ही रडकुंडीला यायचो, आणि बाई शेजारी येऊन म्हणायच्या, "चुकली तर चुकली. तिला काम द्या की आता." मग घोड्याच्या पोटाखालून निघालेली वाकडी रेघ लगाम व्हायची नाहीतर साप व्हायची. आमच्या वर्गाच्या चित्रांत साप फार असत.

गुण देताना त्या आकडे लिहीत नसत. शाळेच्या तक्त्यासाठी लिहावेच लागत, ते त्या शिपायाला विचारून लिहितात असा आमचा संशय होता. वहीत मात्र दोनच शेरे: ‘बघितलंस’ किंवा ‘बघितलं नाहीस’. मला पूर्ण वर्षात ‘बघितलंस’ तीनदा मिळालं. ती तिन्ही पानं माझ्याकडे आहेत.

छत्री बारा महिने बरोबर. उन्हासाठी नाही आणि पावसासाठीही नाही. वर्गात एखाद्या गोष्टीकडे बघायचं असलं की त्या छत्री उघडून ती गोष्ट तिच्या सावलीत घ्यायच्या आणि मग पटकन छत्री बाजूला करायच्या. "आता सांगा, काय बदललं?" एकदा हेडसर व्हरांड्यातून चालले होते, त्यांच्यावरही त्यांनी छत्री धरली आणि काढली. हेडसर थांबले, हसले, आणि "बाई, शाळा तपासणी जवळ आली आहे" एवढंच म्हणून पुढे गेले. ते वाईट नव्हते. वाईट असं त्या गोष्टीत कुणीच नव्हतं, आणि त्यामुळेच मला ती सांगताना अजून जड जातं.

त्या वर्षी दिवाळीनंतर मुंबईच्या एका गोळ्या-चॉकलेटच्या कंपनीने शाळांसाठी स्पर्धा काढली. पत्र्याचे दोन मोठे डबे भरून गोळ्या आल्या. त्यांचं एकच मोठं चित्र सगळ्या वर्गाने मिळून करायचं आणि मुंबईला पाठवायचं. विषय होता ‘आमचा गाव’. हेडसरांनी बाईंना बोलावून सांगितलं की शाळा समिती जूनपासून चित्रकलेची जागा बंद करायच्या विचारात आहे. तो तास गणिताला द्यायचा होता. बक्षीस आलं तर मला समितीपुढे बोलायला जागा मिळेल, असं ते म्हणाले. दुसरी एखादी बाई हे पोटात ठेवती. आमच्या बाईंनी वर्गात येऊन जसंच्या तसं आम्हाला सांगितलं. "हे चित्र जिंकलं तर मी राहीन. नाहीतर जूनमध्ये मी नसेन. आता डबे उघडा."

डब्यांत लाल, पिवळ्या, हिरव्या, पांढऱ्या आणि संत्र्याच्या फोडीसारख्या नारिंगी गोळ्या होत्या. निळी एकही नव्हती. पोरं हिरमुसली. गाव रत्नागिरी, आणि समुद्राला रंग नाही. बाई म्हणाल्या, "समुद्र निळा असतो हे तुम्हाला कुणी सांगितलं?" आणि सगळ्या वर्गाला घेऊन मांडवीला निघाल्या. जन्मापासून समुद्राकाठी राहणारे आम्ही चाळीस जण त्या दिवशी वाळूत ओळीने बसलो आणि एका मिरजेच्या बाईने आम्हाला समुद्र दाखवला. जवळ मातकट, पुढे हिरवा, त्यापुढे करडा, आणि सूर्य टेकला तशी त्यावर पसरत आलेली नारिंगी. निळा कुठेच नव्हता. आमच्यातला येशा, खारव्यांचा मुलगा, ज्याचा बाप आणि दोन काका रोज त्याच पाण्यावर असत, तो हळूच म्हणाला, "आयला, खरंच नाय."

चित्र पुठ्ठ्यावर करायचं नाही, काचेवर करायचं, असं बाईंनी ठरवलं. वर्गाच्या खिडकीतली एक मोठी काच शिपायाकडून काढून घेतली आणि खिडकीला पुठ्ठा लावला. पण गोळ्यांवर साखरेचा भुगा असतो, त्यातून उजेड जात नाही. पाण्यात धुतल्या तर चिकट गोळा होतो. दोन दिवस बाई विचार करत होत्या. तिसऱ्या दिवशी त्यांनी एक हिरवी गोळी तोंडात टाकली, थोडा वेळ चघळली, बाहेर काढली आणि उन्हात धरली. काचेच्या मण्यासारखी ती चमकली. आणखी चघळली, रंग आणखी उतरला. एका गोळीत पोपटी ते गर्द असे चार हिरवे निघत होते. किती वेळ तोंडात ठेवायची एवढाच प्रश्न.

मग कामं वाटली गेली. प्रत्येकाला एकच रंग. "जीभ हा ब्रश आहे," बाई म्हणायच्या, "ब्रश न धुता दुसऱ्या रंगात घालायचा नाही." त्यांच्या वहीत यादी होती, कोण लाल, कोण पिवळा. तास संपला की रांगेने उभं राहून जीभ दाखवायची, आणि ज्याच्या जिभेवर दुसरा रंग दिसेल त्याला उद्याची सुट्टी. चघळलेली गोळी खोबरेल लावलेल्या ताटात सुकायची आणि मग काजूच्या डिंकाने काचेवर बसायची. डिंक येशा आणायचा. टेबलाचे चारही पाय पाण्याच्या वाट्यांत उभे केले होते, मुंग्या चढू नयेत म्हणून. पौषातल्या कोरड्या सकाळी, शाळेआधी तासभर, चाळीस पोरं गाल फुगवून गप्प बसलेली असत. शिपाई म्हणायचा, अशी शांतता या शाळेत श्रद्धांजलीलाही नसते.

तो तास मला अजून हवासा वाटतो. तसं नंतर कुठे जमलं नाही, ना कॉलेजात, ना ऑफिसात. चाळीस जण एकच काम करतायत, कुणी बोलत नाही, आणि प्रत्येकाच्या तोंडात वेगळी चव.

मी नारिंगी होतो. सूर्य माझा होता. पण मला एक खोड होती, गोळी थोडी बारीक झाली की मी ती दातांखाली फोडायचो. मुद्दाम नाही, आपोआप व्हायचं. दहातल्या सहा मी फोडल्या. सूर्याच्या मधल्या फोडी अगदी पातळ, जवळजवळ पिवळ्या हव्या होत्या, आणि नारिंगी गोळ्या संपत आल्या होत्या. येशाची जीभ या कामात कारागिराची होती. तो गोळी कागदासारखी पातळ करून अख्खी बाहेर काढायचा. एके सकाळी बाईंनी ताट माझ्यासमोरून उचललं आणि येशासमोर ठेवलं. "तू चावतोस," त्या म्हणाल्या. रागावून नाही, मासा परत करताना बोलायच्या तसं. "तू वाट्यांतलं पाणी बदल."

मी पाणी बदललं. येशा माझ्याकडे बघून ओशाळं हसला. मला ते हसणं सहन झालं नाही. संध्याकाळी निघताना मी डब्यातली एक संत्रागोळी खिशात टाकली आणि घरी पोचेपर्यंत चघळत गेलो. ती मात्र चावली नाही.

एक गोष्ट मध्येच राहिली. चित्राचा आराखडा बघायला हेडसर आले तेव्हा त्यांना सगळं आवडलं, पण म्हणाले, यात देव कुठे आहे? शुभकार्य आहे, डोंगरावर एक गणपतीचं देऊळ घाला, आत छोटी मूर्ती दिसू दे. बाई म्हणाल्या, या डोंगरावर देऊळ नाही. हेडसर म्हणाले, असायला काय हरकत आहे? म्हणून देऊळ आलं. पांढऱ्या पेपरमिंटचं, आणि आत लाल गोळीचा अंगठ्याएवढा गणपती.

माझे वडील, अण्णा, शाळा समितीवर होते आणि आमच्या आळीतल्या देवळाची पूजा त्यांच्याकडे असे. आमच्या घरात आधी कुणी चव घेऊन पाहिलेली भाजी नैवेद्याला चालत नसे. मी गोळी चघळत घरी आलो त्या संध्याकाळी दिवे लागल्यावर जेवायला बसलो असताना त्यांनी सहज विचारलं, चित्र कुठवर आलं? आणि मी म्हणालो, "झालंच. पण सगळ्या गोळ्या उष्ट्या आहेत. चोखून लावतात. गणपतीसुद्धा."

अण्णांचा हात ताटात थांबला. त्यांनी विचारलं, "तूही?"

"मी नाही," मी म्हणालो. "मी पाणी बदलतो."

दुसऱ्या दिवशी काच आंब्याच्या पेटीत, पेंढ्यात बसवून एस.टी.ने रवाना व्हायची होती. पेटी उघडीच होती, वर्ग भोवती उभा होता. अण्णा आणि समितीतले आणखी दोघे हेडसरांबरोबर आत आले. अण्णांनी आधी चित्र पाहिलं, बराच वेळ. मग अगदी सौम्यपणे विचारलं, "बाई, या गोळ्या मुलांनी तोंडात घातल्या होत्या, हे खरं आहे?"

"खरं आहे," बाई म्हणाल्या.

हेडसर घाईने म्हणाले, "म्हणजे एखाददुसरी. आणि मग धुतल्या असतील, नाही का बाई? धुतल्या असतील."

ते त्यांना दार उघडून देत होते. सातवीतल्या मुलाला कळत होतं, बाईंना कळत नसेल कसं? "धुतल्या असत्या तर विरघळल्या असत्या की सर," त्या म्हणाल्या. "सगळ्या तोंडातूनच आल्यात."

"त्यात देव आहे हो," अण्णा म्हणाले. "कुणाकुणाच्या तोंडातलं..." आणि ते थांबले, कारण त्या चाळीस तोंडांमध्ये त्यांना माझंही दिसलं असावं.

बाई काही बोलणार तेवढ्यात हेडसर म्हणाले, "बाई, आता शबरीची बोरं काढू नका."

"मी कशाला काढू?" बाई म्हणाल्या. "चित्र एक आहे आणि मुलं चाळीस. चाळीस तोंडांचं चित्र मी एका तोंडाचं कसं करून देऊ?"

तरी चित्र मुंबईला जाणार नाही हे ठरलं. आणि मग सगळे अडले. आत गणपती होता, म्हणून ते कचऱ्यात टाकता येईना. उष्टं होतं, म्हणून शाळेत ठेवता येईना. देऊळ तेवढं खरवडावं तर देवाला सुरी कोण लावणार? शेवटी शिपायाने हळूच विचारलं, "मग विसर्जन करायचं काय?" आणि मोठ्या माणसांना सुटल्यासारखं झालं.

दुपारी ओहोटी होती. आम्ही काच मांडवीला नेली. चौघांनी चार कोपरे धरले, त्यात मी नव्हतो. ‘मोरया’ कुणी म्हटलं नाही. बाईंनी साडीचा ओचा वर खोचला, छत्री मला धरायला दिली आणि गुडघाभर पाण्यात गेल्या. "एकदम बुडवू नका. पाण्याखाली वीतभर आडवी धरा," त्या म्हणाल्या. "आणि सगळे इकडे या. बघा."

आम्ही काचेभोवती कोंडाळं केलं. उजेड वरून पाण्यात आणि पाण्यातून गोळ्यांत जात होता आणि आमच्याच समुद्राच्या तळाशी आमचा गाव पेटल्यासारखा दिसत होता. होड्या, देऊळ, हिरव्याचे चार हिरवे. मधोमध येशाचा सूर्य. मग कडेकडेने रंग सुटायला लागले, धाग्यांसारखे, आणि लाटेबरोबर हलायला लागले. गणपती सगळ्यात शेवटी गेला, बाईंनीच तो कोपरा वर धरून ठेवला होता. येशाने ओंजळभर पाणी तोंडात घेतलं आणि थुंकलं. "खारटच हाय," तो म्हणाला, आणि पहिल्यांदा कुणीतरी रडलं.

माझ्या हातात बाईंची छत्री होती. उघडावी की मिटलेली ठेवावी हेही मला सुचत नव्हतं.

काच परत खिडकीत बसली. डिंकाचे दोनचार डाग तिच्यावर राहिले. मॅट्रिक होईपर्यंत मी त्या खिडकीजवळ बसायचं टाळलं, आणि लांबून तिकडेच बघत राहिलो. वर्गाने ठरवून टाकलं की सांगितलं असेल तर येशाने. त्याचं तोंड मोकळं असे, त्याची आई जेटीवर बसे. महिनाभर त्याच्याशी कुणी धड बोललं नाही. "मी नाय बोललो कोणाला," तो एवढंच म्हणायचा. मी त्याच्या शेजारच्या बाकावर होतो. आता तो स्वतःच्या लाँचवर तांडेल, म्हणजे कप्तान, आहे. जेटीवर भेटला की मला साहेब म्हणतो आणि ताजा मासा निवडून देतो, आणि मी त्याला अजून सांगितलेलं नाही. हे छापून आलं तर कुणीतरी त्याला वाचून दाखवेल, असा भ्याड हिशोबही हे लिहिताना मनात आहे.

एप्रिलमध्ये बरणी फिरली. बाई एकेकाचं नाव घेऊन रबर हातात देत होत्या. येशाला त्याचा चपलेचा तुकडा मिळाला. माझ्या रबरावर अण्णांच्या सुबक अक्षरात माझं नाव होतं. बाईंनी ते बोटांत फिरवलं, उन्हाकडे करून पाहिलं आणि पुन्हा बरणीत टाकलं.

"तुझं राहू दे माझ्याकडे," त्या म्हणाल्या.

पोरांना वाटलं मी त्यांचा लाडका. मला वाटलं त्यांना कळलं. त्यांना कसं कळलं ते मला कळलं नाही, आणि विचारायला तोंड नव्हतं. जूनमध्ये त्या वेळेला गणिताचा तास होता.

पुढे नोकरीला लागल्यावर मी एकदा मिरजेच्या बाजूला त्यांचं गाव शोधत गेलो. घर सापडलं. शेजारणीने सांगितलं की बाई भावाकडे गेल्या त्याला बरीच वर्षं झाली, भाऊ कुठे ते माहीत नाही. "तुमच्याकडचीच ना ती," शेजारीण म्हणाली, "समुद्राचं सांगत बसायची." मी त्यांच्या बंद दारासमोर थोडा वेळ उभा राहिलो. काय बोलायचं ते मी एस.टी.त पाठ करून आलो होतो.

गेल्या हिवाळ्यात अण्णांना आणि माझ्या मुलीला घेऊन संध्याकाळी मांडवीला बसलो होतो. अण्णा ऐंशीच्या घरात आहेत, पूजा आता दुसरे करतात. दुकानात हल्ली त्या जुन्या संत्रागोळ्या पुन्हा मिळतात, मुलीला पुडी घेऊन दिली होती. तिने एक चघळली, बाहेर काढली, सूर्यासमोर धरली. हे तिला कुणी शिकवलेलं नाही. मग कंटाळून ती तिने आजोबांपुढे केली. अण्णांनी समुद्रावरची नजरही न काढता ती घेतली आणि तोंडात टाकली.

मी बघत राहिलो. आणि चाळीस वर्षांत जे जमलं नव्हतं ते तोंडून निघून गेलं. "अण्णा, त्या शाळेतल्या चित्राच्या गोळ्या... मीही चोखल्या होत्या."

अण्णांनी गोळी एका गालातून दुसऱ्या गालात नेली. "ठाऊक आहे," ते म्हणाले. "त्या दिवशी जेवताना तुझी जीभ नारिंगी होती."

"मग तुम्ही..."

"तू ‘मी नाही’ म्हणालास. मला तेवढं पुरलं." मग म्हणाले, "काच घेऊन तुम्ही पुढे निघालात तेव्हा पेटीपाशी बाईंना मी तेच सांगितलं. माझा मुलगा त्यात नव्हता म्हणून. त्यांनी वही उघडून पाहिली. तुझ्या नावापुढे नारिंगी लिहिलेलं होतं. माझ्यासमोर त्यांनी वही मिटली."

सूर्य पाण्याला टेकला होता. समुद्र जवळ मातकट, पुढे हिरवा, पुढे करडा. मुलगी आजोबांच्या गुडघ्यावर हात ठेवून उभी राहिली.

"आजोबा, जीभ दाखवा," ती म्हणाली.

अण्णांनी तिला जीभ दाखवली. मग ती माझ्याकडे वळली. मी पुडीतली एक गोळी तोंडात टाकली आणि ती न चावता, हळूहळू, उजेड असेपर्यंत पातळ करत बसलो.